डिझेलची एअर काढतो, मग पाण्याची का नाही?



आज पिकाचं नाही, ऊस ओढणाऱ्या गाडीचं बोलतो. गाडी बंद पडली तर फडातला तोडलेला ऊसही वाळतो, म्हणून हाही शेतीचाच विषय.

तीन वर्षांपूर्वी हंगामाच्या तोंडावर आमच्या ट्रकचा वॉटर पंप बदलला. मेकॅनिकनं रेडिएटर काठोकाठ भरला, टोपण लावलं, "जावा घेऊन" म्हणाला. आम्हालाही घाईच होती. पुण्याहून खत भरून येताना खंबाटकीच्या घाटात बॉनेटमधून वाफ आली. पुतण्या गाडीवर होता. म्हणाला, "काका, काटा तर मधेच होता!" हेड गॅस्केट गेलं. इकडे टोळी येऊन बसलेली, गाडी गॅरेजला आणि आमची तोडीची पाळी गेली दुसऱ्याला.

काटा मधेच का होता? सेन्सर पाण्यात बुडालेला असला तरच पाण्याचं तापमान नीट सांगतो. त्याच्याभोवती हवेचा फुगा असला की काटा खोटं बोलतो. हवा कायम उंच जागी जाऊन बसते. ताकारी-टेंभूच्या पाइपलाइनीवर उंचवट्याला एअर व्हॉल्व्ह असतो, तो त्यासाठीच. इंजिनात ती हेडमध्ये, थर्मोस्टॅटजवळ नाहीतर हिटरच्या नळीत अडकते. तिथं पाणी पोचत नाही आणि नेमकं तिथंच लोखंड तापतं.

माझं मत सरळ आहे. डिझेलची एअर काढायला आपल्याकडं पोरंसोरंही शिकलेली आहेत, कारण ती काढल्याशिवाय इंजिन चालूच होत नाही. पाण्यात हवा असली तरी इंजिन चालतं, म्हणून आपण तिकडं बघत नाही. सपाटीला खपून जातं, चढाला भरलेली गाडी हिशोब चुकता करते. दोष एकट्या मेकॅनिकचा नाही. "लवकर आवर" म्हणणारा मालक मीच होतो.

आता आम्ही असं करतो. इंजिन पूर्ण थंड असताना गाडीचं तोंड चढाला लावायचं, म्हणजे टोपण सगळ्यात उंच येतं. हिटर असला तर तो पूर्ण गरमवर ठेवायचा. कूलंट बारीक धारेनं ओतायचं. ब्लीड स्क्रू असला तर तो ढिला करून, बुडबुडे थांबून सलग धार आली की आवळायचा. मग टोपण उघडं ठेवून इंजिन स्लोवर चालू करायचं. वरचा होस गरम झाला म्हणजे थर्मोस्टॅट उघडला. तेव्हा पातळी खाली जाते, तेवढी भर घालायची आणि टोपण लावायचं. हात फॅन-बेल्टपासून लांब ठेवा. एक छोटी फेरी मारून गाडी थंड होऊ द्या आणि पातळी परत बघा. सगळ्या गाड्यांची रचना सारखी नसते, त्यामुळं आपल्या गाडीचं पुस्तक आधी बघा.

दोन गोष्टी हात जोडून सांगतो. तापलेल्या गाडीचं टोपण कधीच उघडू नका. दाबाखाली पाणी 100 अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही, पण टोपण उघडलं की दाब जातो आणि उकळतं पाणी तोंडावर येतं. आणि तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतू नका, हेडला तडा जातो. बोअरचं क्षाराचं पाणी तर नकोच, आपल्या ठिबकच्या नळीचं काय होतं ते आपण बघतोच.

दोन-तीनदा हवा काढूनही बुडबुडे येतच राहिले, तर गॅस्केट तपासून घ्या.

यंदा गाडी फडाला लावायच्या आधी मेकॅनिकला सांगा, "अर्धा तास जादा घे, पैसे देतो, पण हवा काढून दे." गेलेली पाळी त्या अर्ध्या तासापेक्षा लई महाग पडते.

तुमच्याकडं कसं करतात, तेही खाली लिहा.