गणेशखिंडीची वास्तु आणि तीन चित्रांचें एक चित्र

छायाचित्रण ही आतां कोणाची मिरासदारी राहिलेली नाहीं. पिंपरीपासून चाकणपर्यंत पसरलेल्या या कारखान्यांच्या टापूंत ज्या घरीं पुस्तकांचें कपाट आढळणार नाहीं, त्या घरींही कॅमेरा असलेला मोबाईल असतोच. आणि आमच्या विद्यार्थ्यांपैकीं पुष्कळांच्या हातीं आज असें साधन आहे, कीं जें पन्नास वर्षांपूर्वीं एखाद्या धंदेवाईक छायाचित्रकारासही मिळालें नसतें. या साधनांतील एका युक्तीविषयीं, म्हणजे जिला हाय डायनॅमिक रेंज व संक्षेपानें एच्. डी. आर्. असें म्हणतात तिजविषयीं, आम्ही येथें आमचें मत मांडूं इच्छितों. उदाहरणादाखल आपल्या शेजारचीच एक वास्तु घेतों. ती म्हणजे गणेशखिंडींतील सावित्रीबाई फुले पुणें विद्यापीठाची मुख्य इमारत.

ही इमारत विद्यापीठासाठीं बांधलेली नव्हे. मुंबई इलाख्याचे गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांच्या कारकीर्दींत, १८६४ सालीं, गव्हर्नराच्या निवासासाठीं तिचें काम सुरू झालें व १८७१ सालीं पुरें झालें. आराखडा जेम्स ट्रुबशॉ यांचा. करड्या दगडाचें बांधकाम, इटालियन-गॉथिक धर्तीच्या कमानी, त्यांमागें खोल व्हरांडे, आणि सुमारें ऐंशी फूट उंचीचा मनोरा. याच बंगल्यांतील हीरक महोत्सवाच्या समारंभाहून परततांना २२ जून १८९७ च्या रात्रीं रँडसाहेबावर गोळी झाडली गेली. पुढें १९४९ च्या फेब्रुवारींत पुणें विद्यापीठ स्थापन झालें, बॅरिस्टर मुकुंदराव जयकर त्याचे पहिले कुलगुरु झाले, आणि गव्हर्नराचें घर विद्येचें घर बनलें. २०१४ सालीं विद्यापीठास सावित्रीबाईंचें नांव मिळालें. ज्या सावित्रीबाईंनीं १८४८ सालीं पुण्यांत मुलींच्या शिक्षणास हात घातला, त्यांचें नांव लाटसाहेबाच्या मनोऱ्याखालीं वाचतांना आम्हां शिक्षकांस जो संतोष होतो, तो मात्र कोणत्याही कॅमेऱ्यांत यावयाचा नाहीं.

आतां ही वास्तु कॅमेऱ्यास अवघड कां जाते तें पाहूं. भर दुपारच्या उन्हाचा प्रकाश सुमारें एक लक्ष लक्स भरतो. कमानीच्या आंत, व्हरांड्याच्या मागील भिंतीपाशीं, तो कांहीं शेंकड्यांवर येतो. आकाश नीट यावें म्हणून थोडा प्रकाश आंत घ्यावा, तर कमानी म्हणजे डांबराचीं भोकें दिसतात. व्हरांडा दिसावा म्हणून अधिक घ्यावा, तर आकाश पांढरें फटफटीत होतें आणि मनोऱ्याचें टोंक त्यांत विरून जातें. मनुष्याच्या डोळ्यास ही अडचण फारशी जाणवत नाहीं. उजेडाकडे पाहतांना बाहुली आकुंचन पावते, काळोखाकडे पाहतांना विस्तारते, आणि मन त्या दोन्ही पाहण्यांचें एकच दर्शन बनवितें.

एच्. डी. आर्. ची युक्ति हेंच काम यंत्राकडून करविते. कॅमेरा तिपाईवर घट्ट बसवावा. भिंगाचें छिद्र तिन्ही वेळां एकच ठेवावें, नाहींतर जवळचें व दूरचें सारखें स्पष्ट येणार नाहीं. मग केवळ वेळ बदलून तीन चित्रें घ्यावीं: एक सेकंदाच्या पांचशेंव्या भागाचें, एक सव्वाशेंव्या भागाचें, एक तिसाव्या भागाचें. दर चित्रास आधींच्या सुमारें चौपट प्रकाश मिळतो. नंतर संगणक प्रत्येक चित्रांतील जो भाग चांगला उतरला असेल तो जमेस धरून सर्वांचा एकच हिशेब मांडतो. हा हिशेब इतका विस्तृत असतो कीं कागदावर तो जसाच्या तसा मावत नाहीं. चांगल्या छापील पानावरही पांढऱ्यांत पांढरा भाग काळ्यांत काळ्याहून शंभरपटीच्या आसपासच उजळ असतो. म्हणून शेवटीं तो दाबून बसवावा लागतो, आणि सारें बरें-वाईट या दाबण्यांत आहे. वारा वाहत असेल तर झाडांचीं पानें तिन्ही चित्रांत तीन ठिकाणीं असतात व एकत्र केल्यावर त्यांचीं भुतें दिसतात. चालत्या माणसाचीही तीच गत. यास्तव सकाळीं, वारा पडलेला असतां, हें काम करावें. मोबाईल हें सर्व डोळ्याचें पातें लवतें न लवतें तोंच आपण होऊन करतो, ही सोय आयफोनमध्यें २०१० सालीं आली. परंतु काय चाललें आहे तें ठाऊक नसणाऱ्यास ती सोय शिकवीत कांहींच नाहीं.

ही कल्पना नवी नव्हे. गुस्ताव्ह ले ग्रे नांवाच्या फ्रेंच छायाचित्रकारानें १८५६-५७ च्या सुमारास समुद्राचीं चित्रें काढलीं. त्यांपैकीं कित्येक लाटांची एक व आकाशाची दुसरी अशा दोन कांचांवरून छापलेलीं होतीं, कारण दोन्ही एकदम उतरत नसत. संगणकाच्या योगें हें काम कसें करावें याविषयीं पॉल डेबेव्हेक व मथुरेंत जन्मलेले जितेंद्र मलिक यांनीं १९९७ सालीं एक निबंध प्रसिद्ध केला, तो या विषयांत फार प्रमाण मानला जातो. त्यांनीं नमुन्यासाठीं घेतलेली वास्तु कोणती, हें ऐकून आमच्या वाचकांस कौतुक वाटेल. ती एका विद्यापीठांतील चर्चची होती! अमेरिकेंतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या आवारांत जेन स्टॅनफर्डबाईंनीं पतीच्या स्मरणार्थ बांधविलेलें मेमोरियल चर्च आहे. १९०३ सालीं त्याचें समर्पण झालें. त्याच्या अंतर्भागाचीं सोळा चित्रें या दोघांनीं वापरलीं, एका टोंकास तीस सेकंदांचें, दुसऱ्या टोंकास सेकंदाच्या हजाराव्या भागाचें. रंगीत कांचांचें तेज आणि छताखालचा अंधार हीं दोन्ही त्यांत सांपडलीं.

कांहीं जुन्या मताचे छायाचित्रकार म्हणतात कीं, एकदां कळ दाबून जें उतरलें तेंच खरें, जोडकाम म्हणजे लबाडी. हें मत आम्हांस मान्य नाहीं. एकाच जागीं, एकाच घटकेस उभ्या असलेल्या तीन साक्षीदारांच्या जबान्या घेऊन न्यायाधीशानें निकाल दिला, तर त्यास कोणी खोटें म्हणत नाहीं. परंतु साक्षीदार त्या जागीं हजर असला पाहिजे. ले ग्रे यानें पुढें एकच आकाश निरनिराळ्या समुद्रांवर जोडलें. तेथें आमच्या मतें त्याचा पाय घसरला. खोट्या साक्षीविषयींची आज्ञा आमच्या मुलांस तोंडपाठ आहे. ती केवळ जिभेपुरती नाहीं.

यंदा आमच्याकडे आलेल्या चित्रांत गणेशखिंडीच्या इमारतीचीं कांहीं होतीं. दगड ओल्या शिशासारखा निळा, मनोऱ्याभोंवतीं पांढरें वलय, वर जांभळें आकाश. आमच्या टापूंत उन्हाळ्यांत आकाशाचा रंग धुळकट असतो, हें चाकणच्या रस्त्यानें जाणाऱ्या कोणासही विचारावें. वलय हा हातचलाखीचा दोष आहे, तो अभ्यासानें जाईल. त्याहून मोठा दोष असा कीं व्हरांड्यांतील सावलीच पुसून टाकलेली होती; खांबापासून मागच्या भिंतीपर्यंत सारें एकसारखें उजळ. दख्खनच्या उन्हांत खोल व्हरांडा बांधतात तो सावलीसाठीं. सावली काढून घेतल्यावर तेथें दगडाची नुसती नक्षी उरते, आणि चैत्रांत त्या कमानीखालीं शिरतांना अंगास जो गारवा लागतो त्याची खूणही चित्रांत राहत नाहीं. अंधारांत तपशील दिसावा, पण तो अंधारच वाटावा, इतकेंच दाबणें आम्हांस योग्य दिसतें.

कोणी म्हणेल कीं मुलांच्या हौसेवर एवढें लिहावयास नको होतें. परंतु ही गोष्ट हौसेपुरती राहिलेली नाहीं. निगडीचें पिंपरी चिंचवड कॉलेज ऑफ इंजिनिअरिंग १९९९ सालीं सुरू झालें. त्याच्या मागें-पुढें आकुर्डी, पिंपरी, तळेगांव या बाजूंस किती महाविद्यालयें उभीं राहिलीं तें आपण पाहतोंच. त्यांत सच्चीं आहेत, उत्तम शिकविणारींही आहेत. पण दहावी-बारावीचे निकाल लागले कीं घरोघर जाहिरातींचीं रंगीत पुस्तकें येतात, आणि त्यांतील कित्येक चित्रांत कांचेच्या इमारतीवर भलत्याच देशाचें आकाश लटकत असतें, पडक्या मैदानावर हिरवळ उगवलेली असते. कारखान्यांत रात्रपाळी करणारा बाप तें पुस्तक दिव्याखालीं धरून पाहतो. त्यास प्राध्यापकांच्या पदव्या कळत नाहींत, प्रयोगशाळेंतील यंत्रें कळत नाहींत. इमारत मात्र कळते. तिच्या भरंवशावर तो कर्ज काढतो. जें चित्र त्याच्या सहीस कारण होतें, तें काढणाऱ्यास आपण नुसती सजावट केली असें म्हणतां येईल काय?

अशा संस्थांनीं चित्राखालीं तें कसें केलें हें एका ओळींत छापावें, आणि आकाश बदललें असेल तर तसें लिहावें, अशी आमची सूचना आहे. ती लगेच मानली जाईल अशी आशा आम्ही धरीत नाहीं. तोंपर्यंत पालकांनीं तें पुस्तक बरोबर घेऊन दुपारीं दोनच्या सुमारास त्या आवारांत जावें, छापलेलें चित्र ज्या जागेवरून घेतलें असेल ती जागा शोधून तेथें उभें राहावें, आणि मग वसतिगृहाच्या जिन्यांत व वाचनालयाच्या शेवटच्या बाकावर किती उजेड आहे तें पाहून यावें.