पाळणाघरांची परीक्षा

दिवाळीच्या फराळाबरोबर भांडण वाढायचे नसते, हे मला समजते. परंतु ज्या घरांतून आज चकलीचा खमंग वास येत आहे, त्यांपैकी पुष्कळ घरांतील तान्ही मुले भाऊबीज उलटताच सकाळी शेजारच्या काकूंच्या दारात पोचवली जातील आणि दिवेलागणीला परत आणली जातील. तेव्हा त्या काकूंच्या घराविषयी बोलायला मुहूर्त वाईट नाही.

या बाबतीत मला दोन प्रकारचे शहाणे भेटतात. पहिले म्हणतात, "घरगुती पाळणाघर म्हणजे घरच की! घरात कसली आली आहे तपासणी?" दुसरे म्हणतात, "हॉटेलांप्रमाणे पाळणाघरांनाही तारे द्या. आईबाप तारे मोजून मूल ठेवतील." पहिल्यांचा भाबडेपणा धोक्याचा आहे आणि दुसऱ्यांची हुशारीही तितकीच.

पैसे घेऊन परक्यांची पाच मुले सांभाळू लागताच घर हे निव्वळ घर राहत नाही. रांगत्या मुलाला बुडायला विहीर लागत नाही. न्हाणीघरातली अर्धी बादली पुरते. गॅसची नळी, गॅलरीचा कठडा, खिडकीला टेकवलेला पलंग, आजोबांच्या रक्तदाबाच्या गोळ्या या वस्तू काकूंच्या रोजच्या पाहण्यातल्या, म्हणूनच त्यांना दिसेनाशा झालेल्या असतात. परक्याला त्या चटकन दिसतात. वाण्याच्या वजनांवर सरकारी शिक्का असतो, त्याने वाण्याचा अपमान होत नाही. मग काकूंचाच का व्हावा?

कॅमेरा बसवला की भागले, असे मानणाऱ्यांनी नवी मुंबईतील खारघर आठवावे. 2016 च्या नोव्हेंबरात तेथील एका पाळणाघरात दहा महिन्यांच्या मुलीला आयाने मारहाण केली. भिंतीवर कॅमेरा होता, त्याने सारे टिपलेही. परंतु ते चित्रण माणसांनी पाहिले ते पोरीला इजा झाल्यानंतर!

आता ताऱ्यांकडे वळते. मी शाळेत शिकवते. तपासणीचा दिवस काय असतो ते मला कोणी सांगायला नको. आदल्या दिवशी भिंतींवर तक्ते चढतात, फळा काळाभोर होतो, आणि साहेब गेले की तक्ते पुन्हा कपाटात जातात. पाळणाघरांना तारे लावा, म्हणजे तेथेही हेच होईल. रंगीत खुर्च्यांना दोन तारे, भिंतीवरच्या हत्तीला एक तारा; आणि रडणाऱ्या पोराला तासभर खांद्यावर घेऊन फिरणाऱ्या काकूंना काहीच नाही, कारण खांद्याचा रकाना अर्जात नसतो.

परदेशाचे दाखले देणाऱ्यांनी ते पुरते द्यावेत. अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्याने 1998 साली पाळणाघरांना तारे द्यायला सुरुवात केली खरी. पण तारा वाढला की सरकारी मदतीचा दरही वाढे. आपल्याकडच्या शहाण्यांना तारे हवेत, खर्च नको! इंग्लंडात घरी मुले सांभाळणाऱ्या बाईला नोंदणी करावी लागते. एका बाईकडे आठ वर्षांखालील सहाच मुले, त्यांत पाचाखालची साधारणपणे तीन आणि वर्षाच्या आतले एकच. हा नियम घ्यायला हरकत नाही. आणि त्याच इंग्लंडने सरकारी शाळांना एका शब्दात शेरा देण्याची पद्धत 2024 च्या सप्टेंबरात बंद केली, हेही विसरू नये.

आपल्याकडे 2017 च्या कायदेदुरुस्तीने 50 किंवा अधिक नोकर असलेल्या आस्थापनांवर पाळणाघराची सोय करण्याचे बंधन आले. 2018 साली केंद्र सरकारने त्यासाठी किमान निकषही प्रसिद्ध केले. उत्तम झाले. परंतु चार घरची धुणीभांडी करणारीचे मूल कोठल्या आस्थापनेत जाणार? कायदा कचेरीत शिरला, चाळीचा जिना मात्र चढला नाही.

जिना चढताना त्याने दंडाची पावती पुढे करू नये. कारण स्वस्तातले पाळणाघर बंद पडले तर मूल महागड्या पाळणाघरात जात नाही. ते आठ वर्षांच्या बहिणीच्या कडेवर जाते. आणि माझ्या वर्गातला एक बाक रिकामा होतो. हजेरीपटावर त्या मुलीची गैरहजेरी मीच मांडते, म्हणून हे ठणकावून सांगते.

म्हणून माझी मागणी साधी आहे. प्रत्येक घरगुती पाळणाघराची फुकट नोंदणी व्हावी. मुलांची संख्या ठरावी. वर्षातून दोनदा न कळवता भेट व्हावी. पहिल्या भेटीत उणीव दिसली तर खिडकीची जाळी सरकारने बसवून द्यावी. मारहाण किंवा कोंडून ठेवणे दिसले तर मात्र त्याच दिवशी दार बंद करावे. काय आढळले ते सोप्या मराठीत दारावर लावावे. तपासायला येणारी बाई मुलांत वावरलेली असावी. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ 1945 साली बोर्डीला गेल्या, तेव्हा मुले शाळेत येईनात म्हणून शाळाच त्यांच्या अंगणात नेली. पाळणाघर पाहायला येणारीनेही तासभर जमिनीवर बसावे, म्हणजे मुले काकूंकडे धावतात की त्यांना पाहून दबतात, हे तिला कळेल.

सरकार हे करील तेव्हा करील. वाचकहो, भाऊबिजेनंतर तुम्ही एक दिवस दुपारी अचानक काकूंकडे जा, न्हाणीघरातली बादली पालथी आहे का ते पाहा. आणि निघताना त्यांचा महिना वाढवा. दिवसभर आपले मूल सांभाळणारीला आपण मोलकरणीहून कमी देतो आणि अपेक्षा मात्र आईची ठेवतो, ही लबाडी निदान या पाडव्यापासून थांबवू या.