मुलांच्या मनातील समता

रविवारी विहारात मुलांचा वर्ग भरतो. तेथे ‘स्त्री व पुरुष समान आहेत काय?’ असा प्रश्न केला की सारा वर्ग एका सुरात ‘होय’ म्हणतो. शिक्षक संतुष्ट होतो व पुढील धडा सुरू होतो. वकिलीच्या धंद्यात आम्ही इतके शिकलो आहोत की, पढविलेल्या साक्षीदाराचे उत्तर उलटतपासणीत टिकत नाही. मुलांचे हे ‘होय’ त्याच प्रकारचे असते.

म्हणून समतेवर व्याख्यान देण्यापूर्वी मुलांच्या मनात आधीच काय आहे, ते पाहिले पाहिजे. त्यासाठी पाच-पाच जणांचे गट करावेत. प्रथम मुलींचे निराळे व मुलग्यांचे निराळे. कारण एकत्र बसविल्यास मुली बहुधा गप्प राहतात आणि जे समजून घ्यावयाचे तेच हातचे जाते. प्रत्येक गटास एक काल्पनिक कुटुंब द्यावे. बाप मृत्युपत्र न करता वारला. त्याची आई आधीच निवर्तली आहे. मागे पत्नी, दोन पुत्र व एक विवाहित कन्या. स्वकष्टार्जित जमीन चार एकर. तिची वाटणी करा आणि कारण लिहा, एवढेच सांगावे. शिक्षकाने मध्ये बोलू नये, कोणाचेही चूक म्हणू नये. कारणांचा कागद हाच खरा पुरावा होय.

आम्ही हा प्रयोग केला तेव्हा मुलग्यांच्या गटांनी पुत्रांस दोन-दोन एकर देऊन टाकली. हे अपेक्षितच होते. परंतु मुलींच्या एका गटानेही कन्येस काही दिले नाही, आणि कारण लिहिले: ‘हिस्सा मागितला तर माहेर तुटेल.’ आईची आठवण तर कोणत्याच गटास झाली नाही! वस्तुतः १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे, जो बौद्धांसही लागू आहे, चौघांसही समान हिस्सा, म्हणजे प्रत्येकी एक एकर, मिळावयास हवा. बाबासाहेबांनी १९५१ साली मंत्रिपदाचा राजीनामा दिला, त्याच्या प्रमुख कारणांत हिंदू कोड बिलाची झालेली कोंडी होती, आणि कन्येचा वारसाहक्क त्या बिलातच होता. वडिलोपार्जित मिळकतीत तिला पुत्राच्या बरोबरीने जन्मतः हक्क मिळण्यास देशभर २००५ साल उजाडावे लागले.

त्या मुलींना कायदा ठाऊक नव्हता, ही गोष्ट गौण आहे. तो अर्ध्या तासात सांगता येतो. भीती मात्र त्यांना पक्की ठाऊक होती, आणि ती आपल्या घरांतूनच आली आहे. बहिणीकडून हक्कसोडपत्रावर सही घेताना आपण मुलांना बाहेर पाठवितो काय? तेव्हा शिक्षकाने आरंभ संविधानाच्या कलम १५ पासून न करता माहेरापासून करावा.

दुसऱ्या रविवारी हाच प्रश्न मुलगे व मुली यांच्या मिश्र गटांत घ्यावा व दोन्ही कागद शेजारी ठेवावेत. त्या दिवशी आपणही विहारात या, आणि मुलांचे कागद वाचण्यापूर्वी आपली वाटणी लिहून द्या.