तोंडाला वास का येतो?



सुरत शहरातील गोडादरा, लिंबायत, उधना या भागांत खानदेशातून पोटासाठी गेलेली मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात. यंत्रमागांच्या गडगडाटात सोबत्याशी बोलावयाचे, तर तोंड त्याच्या कानाशी न्यावे लागते. गोडादऱ्याच्या एका कामगाराने आम्हांस खालच्या आवाजात सांगितले, "फादर, मी बोलू लागलो की सोबती मान फिरवितात. घरी धाकटी मांडीवरून उठून जाते. वर्षभर लवंग चघळतो आहे, पण गुण नाही."

लवंग, बडीशेप वास झाकतात. कारण घालवीत नाहीत. म्हणून प्रथम कारण पाहिले पाहिजे.

बहुतेक वेळा हा दोष पोटाचा नसून तोंडाचाच असतो. जिभेच्या मागल्या भागावर व दातांच्या फटींत अन्नाचे कण राहतात. सूक्ष्म जंतू ते कुजवितात व त्यांतून गंधकयुक्त वायू निघतात. लाळ हे तोंड धुणारे नैसर्गिक पाणी होय. झोपेत ती कमी होते, म्हणून पहाटे सर्वांच्याच तोंडास थोडा वास येतो. उपवासात, तोंडाने श्वास घेण्याने व पाणी कमी पिण्यानेही तोंड कोरडे पडते. किडलेला दात व सुजलेली हिरडी ही आणखी दोन कारणे. कांदा-लसणाचा वास मात्र रक्तावाटे फुप्फुसांत जातो. तो चूळ भरून जात नाही, काही तासांनी आपोआप ओसरतो.

आमच्या त्या कामगाराचे मूळ निराळे होते. रातपाळीत झोप येऊ नये म्हणून तो गालात मावा धरी. घरी त्याची पत्नी मशेरी लावी. तिने दात बळकट होतात, ही तिची समजूत. वस्तुतः मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच. तिने हिरड्या खचतात, दात हलू लागतात. गुजरात व महाराष्ट्र या दोन्ही राज्यांनी २०१२ साली गुटख्यावर बंदी घातली. परंतु सुपारी, चुना व तंबाखू हातावर मळून घेतल्याने तिचे विष कमी होत नाही. दंतवैद्यांनी त्याच्या दातांवरील कीटण काढले आणि गालाच्या आत एक पांढरा चट्टा दाखविला. वासाच्या लाजेने तो वैद्याकडे गेला, हे बरे झाले. कारण अशा चट्ट्यातून पुढे कर्करोग उद्भवू शकतो.

तेव्हा घरोघरी इतके करावे. सकाळी व रात्री निजण्यापूर्वी दोन मिनिटे मऊ ब्रशाने दात घासावेत. रात्रीचे घासणे चुकवू नये. जीभ हलक्या हाताने मागपर्यंत खरवडावी. दातांच्या फटी दोऱ्याने साफ कराव्यात; टाचणी घालू नये. जेवणानंतर खळखळून चूळ भरावी, दिवसभर पाणी प्यावे. कवळी रात्री काढून, घासून, पाण्यात ठेवावी. तंबाखू कोणत्याही रूपात सोडावी.

इतके करूनही वास राहिला, तर दंतवैद्यांस दाखवावे. मूल लहान असून एकाच नाकपुडीतून घाण वास व स्राव येत असेल, तर आत हरभरा किंवा चिंचोका अडकला आहे काय, हे डॉक्टरांकडून पाहून घ्यावे. मधुमेह्याच्या श्वासास पिकल्या फळासारखा वास येऊन वांत्या वा गुंगी आल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे. तोंडातील फोड अथवा चट्टा दोन-तीन आठवड्यांत बरा न झाल्यास तो अंगावर काढू नये.

एक गोष्ट उरली. ज्याच्या तोंडाला वास येतो, त्यास स्वतःला तो बहुधा कळत नाही. सोबत्यांनी वर्षभर मान फिरविली. एकानेही त्यास बाजूला घेऊन सांगितले नाही. चारचौघांत नाक धरणे सोपे. एकांतात, प्रेमाने सांगणे कठीण. परंतु पत्नीने पतीस, भावाने भावास ते सांगितलेच पाहिजे. त्या कामगाराने मावा सोडला आहे. त्याच्या पत्नीची मशेरी अद्याप सुटावयाची आहे; मात्र आता ते दोघे त्याविषयी बोलू लागले आहेत.