काखेत कळसा अन् गावाला वळसा

सुरुवातीलाच सांगते, मी कॉन्व्हेंटवाली. शुद्धलेखनाकडे सरांनी जरा कानाडोळा करावा! पण हा विषय मराठीतच लिहायचा होता. का, ते शेवटी कळेल.

गेल्या वर्षी आम्ही चौघी सिंथेटिक बायॉलॉजीच्या दोन दिवसांच्या वर्कशॉपला गेलो. खरं कारण एकच, फायनल इयरसाठी प्रोजेक्ट हवा होता. (सर्टिफिकेट आणि जेवण ही उपकारणं.) आपण सर्किटमध्ये आय.सी. जोडतो, तसे इथे डी.एन.ए.चे तुकडे जोडून जंतूंकडून हवं ते काम करून घेतात. याची 'आयजेम' ही विद्यार्थ्यांची स्पर्धा एम.आय.टी.तल्या २००३ सालच्या एका छोट्या कोर्समधून सुरू झाली.

तिथे एडिंबरा विद्यापीठाच्या २००६ च्या टीमबद्दल ऐकलं. पाण्यात आर्सेनिक असेल तर त्यांच्या जंतूंमुळे पाण्याचा पीएच बदलतो आणि साध्या इंडिकेटरने ते कळतं. बांगलादेशात लाखो लोक असं पाणी पितात, त्यांच्यासाठी ही स्वस्त टेस्ट. आम्ही भारावलो, आणि दुसऱ्या दिवशी थोडा रंग बदलून तीच आयडिया आमची म्हणून मांडली! परीक्षक मॅडमनी शांतपणे विचारलं, "तुमच्या भागात पाण्यात आर्सेनिक आहे का गं? कोणाला विचारलंत?" आम्ही चिडीचूप.

रात्री रूमवर येऊन हा पोपट रूममेटला सांगितला. ती यवतमाळ जिल्ह्यातली, पांढरकवड्याकडची. हसून म्हणाली, "आर्सेनिक नाही वं आमच्याकडे, फ्लोराइड आहे." मग तिने गावातल्या पोरांच्या दातांवरचे तपकिरी डाग सांगितले, आजीचे वाकलेले गुडघे सांगितले. सगळं बोअरच्या पाण्यामुळे. दोन वर्षं आम्ही एका खोलीत राहतो, एका बादलीवरून भांडतो, आणि मी कधी विचारलंच नव्हतं!

मग शोधलं. २०२० मध्ये अमेरिकन संशोधकांनी फ्लोराइडची अशी टेस्ट कोस्टारिकात करून पाहिली. त्यात जिवंत जंतूसुद्धा लागत नाहीत. पेशीतली यंत्रणा वाळवून ठेवायची, त्यात थोडं पाणी टाकायचं, की फ्लोराइड असल्यास रंग येतो. त्यांनी लिटरला २ मिलिग्रॅमच्या वरचं फ्लोराइड ओळखलं. आपल्याकडे पिण्याच्या पाण्याची मर्यादा १.५ आहे. म्हणजे मधली जागा आपल्यासाठी मोकळी आहे की!

काही सर म्हणतात, असले इव्हेंट म्हणजे टाइमपास. मला नाही पटत. तिथे गेले नसते तर रूममेटच्या आजीचा गुडघा हा इंजिनिअरिंगचा प्रश्न आहे, हेच मला कळलं नसतं. पण तिथे टॉपिक रेडिमेड शर्टासारखा उचलायचा नसतो. २००९ मध्ये बंगळूरच्या सृष्टी या कला संस्थेतल्या मुलांची टीम आयजेमला गेली, ती पहिल्या पावसात मातीला येणारा वास देणारे जंतू घेऊन! त्यांना आयडिया त्यांच्या अंगणातच मिळाली.

म्हणून म्हणते, इव्हेंटला जरूर जा, पण जाताना घरचा एक प्रश्न सोबत न्या. मेसच्या मावशींना विचारा, घरी फोन करा, शेजारच्या कॉटवरच्या मुलीला विचारा. आणि सर, मॅडम, तुम्हीही 'टॉपिक काय?' याच्या आधी 'कोणासाठी?' असं विचारा ना!

परवा मी त्या आजींशी फोनवर बोलले. 'वॉटर सोर्स' म्हणून चाललं नाही. "आजी, प्यायचं पाणी कुठून आणता?" असंच विचारावं लागलं. आमच्या प्रोजेक्टची पहिली ओळ मराठीत लिहिली गेली ती अशी.