सारथ्य शल्याकडे नको

विद्युत मोटारीत चालकासमोर असलेल्या पडद्यावर अधिराज्य कोणाचे, यावरून अमेरिकेत उभा राहिलेला वाद वरवर पाहता चैनीचा वाटेल. मोटारीत कंपनीने बसविलेले सॉफ्टवेअर असावे की आपल्या खिशातील स्मार्टफोनच पडद्यावर उमटावा, एवढाच तो प्रश्न दिसतो. परंतु त्याच्या मुळाशी स्वामित्वाचा प्रश्न आहे, म्हणूनच त्याचा विचार आपणही केला पाहिजे.

अ‍ॅपलने २०१४ साली 'कारप्ले' आणले. पाठोपाठ गुगलचे 'अँड्रॉइड ऑटो' आले. फोन जोडला की त्यातील नकाशे, संपर्क आणि संगीत मोटारीच्या पडद्यावर दिसू लागले. ग्राहकांना ही सोय भावली. मात्र मार्च २०२३ मध्ये जनरल मोटर्सने आपल्या नव्या विद्युत मोटारींतून ही सोय काढून घेण्याचा निर्णय जाहीर केला. टेस्लाने तर ती आरंभापासूनच दिली नव्हती.

कंपन्यांच्या युक्तिवादात तथ्य नाही असे नाही. विद्युत मोटारीत मार्ग आणि बॅटरी यांचे नाते घट्ट असते. किती वीज शिल्लक आहे, चढणीवर किती खर्ची पडेल, कोणत्या केंद्रावर थांबावे, हे मोटारीच्या आतील प्रणालीला नेमके ठाऊक असते. चार्जिंग केंद्र जवळ येताच बॅटरी योग्य तापमानाला आणून ठेवण्याचे कामही तीच करते. फोनमधील नकाशाला हे आपोआप कळत नाही. पण मोटारीने माहिती दिली, तर कळू शकते! अ‍ॅपलच्या नकाशांत निवडक विद्युत मोटारींसाठी अशी व्यवस्था २०२० मध्येच जाहीर झाली होती. अडचण यंत्राची नाही, इच्छेची आहे.

ती इच्छा का नाही, याचे उत्तर ताळेबंदात सापडते. सॉफ्टवेअर आणि सेवांतून २०३० पर्यंत वर्षाला २० ते २५ अब्ज डॉलर्स मिळविण्याचे उद्दिष्ट जनरल मोटर्सने २०२१ मध्येच गुंतवणूकदारांसमोर मांडले होते. मोटार एकदा विकायची आणि वर्गणी जन्मभर घ्यायची, असा हा हिशेब आहे. त्यात ग्राहकाच्या खिशातील फोन आडवा येतो. गंमत अशी की, ज्या 'स्वतःच्या' प्रणालीसाठी हा अट्टहास, तीही गुगलच्याच पायावर उभी आहे. फोनला मज्जाव केल्याने गुणवत्ता येते असेही नाही. या धोरणाचा पहिला मानकरी ठरलेल्या शेव्हरोले ब्लेझर विद्युत मोटारीची विक्री सॉफ्टवेअरमधील दोषांमुळेच डिसेंबर २०२३ मध्ये थांबवावी लागली आणि ती मार्च २०२४ मध्ये पुन्हा सुरू झाली.

याहून गंभीर बाब माहितीची आहे. चालकांचे ठावठिकाणे आणि वाहन चालविण्याच्या सवयी यांचा तपशील पुरेशा संमतीविना गोळा करून विकल्याचा ठपका अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने जनरल मोटर्सवर जानेवारी २०२५ मध्ये ठेवला. ठावठिकाण्याची नोंद काही वेळा दर तीन सेकंदांनी होत होती. हा तपशील विमा कंपन्यांपर्यंत पोहोचला आणि काहींचे हप्ते वाढले. ग्राहक-पत अहवाल देणाऱ्या संस्थांना असा तपशील पुरविण्यास कंपनीला पाच वर्षे मनाई करण्यात आली. अर्थात फोनच्या कंपन्या साधुसंत आहेत, असा याचा अर्थ नव्हे. त्यांनाही आपल्या हालचालींत रस असतोच. पण फोन काढून घेता येतो. मोटारीत मुरलेले सॉफ्टवेअर कसे काढणार?

आपल्याकडे चित्र अजून बिघडलेले नाही. चाकणला तयार होणाऱ्या महिंद्रांच्या 'बीई ६' आणि 'एक्सईव्ही ९ई' या मोटारींत कंपनीची स्वतःची प्रणाली आहे आणि फोन जोडण्याची मुभाही आहे. मोटारींच्या सॉफ्टवेअरमध्ये जगभर नाव मिळविलेली केपीआयटी पुण्याचीच आहे. म्हणजे कौशल्याची वानवा नाही. हे कौशल्य आपल्या हाती असणे का आवश्यक आहे, हे जुलै २०२५ मध्ये दिसले. युरोपीय संघाच्या निर्बंधांनंतर मायक्रोसॉफ्टने नायरा एनर्जी या भारतातील तेलकंपनीच्या सेवा अचानक रोखल्या. कंपनीने दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतल्यावर त्या पूर्ववत झाल्या. जे कार्यालयाच्या संगणकाचे झाले, ते उद्या रस्त्यावरील वाहनाचे होऊ नये.

म्हणून स्वदेशी प्रणाली अवश्य घडावी, परंतु ती ग्राहकाचा हात पिरगाळून नव्हे, तर त्याचा विश्वास संपादन करून. फोन जोडण्याचे स्वातंत्र्य अबाधित राहावे. बॅटरीची माहिती मालक सांगेल त्या नकाशाला मिळावी. कोणता तपशील कोठे जातो, हे खरेदीच्या वेळीच त्याला त्याच्या भाषेत सांगितले जावे. २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आहेत. त्यांची अंमलबजावणी करताना मोटारीचा पडदा शासनाच्या नजरेतून सुटता कामा नये.

शल्य हा निष्णात सारथी होता. पण कर्णाच्या रथावर बसून त्याने युधिष्ठिराला दिलेला शब्द पाळला आणि कर्णाचा तेजोवध केला. सारथ्याचे कौशल्य पुरेसे नसते, त्याची निष्ठा रथीशी असावी लागते. आपल्या मोटारीत बसलेल्या या अदृश्य सारथ्याची निष्ठा कोणाशी आहे, हे विचारण्याचा अधिकार ग्राहकाने सोडता कामा नये.