घड्याळ आजोबांचे, डायल कुणाची?

तंजावरहून दहा-बारा किलोमीटरवर, कावेरीच्या काठी, तिरुवैयारू हे गाव आहे. पौष वद्य पंचमीला त्यागराजांच्या समाधीपुढे शेकडो गायक-वादक एकत्र बसून गातात, ते हेच. भोसल्यांच्या राज्यात दक्षिणेत गेलेली मराठी घराणी या परिसरात अजून आहेत. अशाच एखाद्या घरातले जुने कपाट डोळ्यांपुढे आणा. खालच्या खणात रुमालात गुंडाळलेले आजोबांचे एचएमटी ‘जनता’ आहे. डायल चहाचा डाग पडल्यासारखी पिवळट, काच ओरखडलेली, कडेचा मुलामा झिजून पितळ दिसू लागलेले. चेन्नईला नोकरी करणाऱ्या नातवाला लिलावाच्या यादीत नेमके हेच घड्याळ दिसते. पण ते केशरी डायलचे, आरशासारखे लखलखीत आणि किंमतही भरघोस. नातवाच्या मनात दोन विचार येतात. एक, हे घ्यावे. दोन, आजोबांचे घड्याळही असेच नवे करून आणावे. हे दोन्ही विचार त्याला महागात पडणार आहेत.

जुन्या घड्याळांची ही हौस तशी अलीकडची. एचएमटीने १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या साहाय्याने बेंगळुरूला मनगटी घड्याळे करायला सुरुवात केली. नंतर लग्नात जावयाला आणि निवृत्तीच्या समारंभात कर्मचाऱ्याला तीच मिळू लागली. २०१६च्या जानेवारीत केंद्र सरकारने एचएमटी वॉचेस बंद करण्याचा निर्णय घेतला आणि कालपर्यंत अडगळीत पडलेल्या घड्याळांना एकाएकी मोल आले. मागणी वाढली की माल तयार करणारेही निघतातच!

परदेशी संग्राहकांनी अशा मालाला एक खास नाव दिले आहे: ‘मुंबई स्पेशल’. मुंबईकरांनी अभिमान बाळगावा असे ते नाव नव्हे. जुन्या घड्याळातले चालू यंत्र घ्यायचे, दुसऱ्याची केस, तिसऱ्याचे काटे जोडायचे, डायल घासून नव्याने रंगवायची आणि वर एखादे प्रतिष्ठित नाव छापायचे, अशी ही पाककृती. एचएमटीबरोबरच फाव्र-ल्यूबा, रोमर, कॅमी आणि वेस्ट एंड ही एकेकाळी भारतात खपलेली स्विस नावे या कामी विशेष आवडीची.

मात्र या धंद्याचे मूळ फसवणुकीत नाही. आपल्या दमट हवेत, पावसाळ्यात, घड्याळात ओल शिरून डायल डागळते. घड्याळ ही तेव्हा रोज वापरायची वस्तू होती, टाकून देणे कुणाला परवडत नसे. गिऱ्हाईक ‘डायल जरा नवी करून द्या’ म्हणे आणि कारागीर ती रंगवून देई. त्यात लबाडी काहीच नव्हती. तेच घड्याळ ‘अस्सल, न हात लावलेले’ म्हणून विकायला ठेवले की लबाडी सुरू होते.

ओळखायचे कसे? प्रथम डायल पाहावी, आणि तीही भिंगातून. कारखान्यातली छपाई रेखीव असते, अक्षरांच्या कडा स्वच्छ असतात. हाताने पुन्हा केलेल्या डायलवर अक्षरे जाड होतात, ओळ किंचित तिरकी जाते, मिनिटांच्या रेघा आणि उठावाच्या खुणा एकमेकींशी जुळत नाहीत. क्वचित स्पेलिंगही चुकते. सहाच्या आकड्याखाली बारीक अक्षरांत देशाचे नाव असायला हवे तिथे ते अर्धवट कापलेले किंवा गायबच असते. भडक केशरी, पोपटी, दुरंगी डायली दिसल्या की तर हात आखडताच घ्यावा. अंधारात चमकणारा रंगही बोलका असतो. साठ वर्षांपूर्वीचा तो रंग काळवंडलेला किंवा तपकिरी झालेला असतो. तो पांढराशुभ्र असेल, किंवा डायलवर जुना आणि काट्यांवर नवा असेल, तर कुणीतरी मध्ये हात घातला आहे.

पण खरी परीक्षा मागचे झाकण उघडल्यावर होते. डायलवर स्विस नाव आणि आत एचएमटीचे यंत्र, असा संसार अनेकदा आढळतो. डायल ‘ऑटोमॅटिक’ म्हणते, पण आत मनगटाच्या हालचालीने फिरणारे वजनच नसते, ते घड्याळ निव्वळ चावीचे असते. म्हणून लिलावाच्या यादीत यंत्राचा फोटो नसेल तर तो मागावा. देत नसतील तर विषय तिथेच संपला.

मोठ्या लिलावगृहाचे नाव असले म्हणजे निश्चिंत, असेही नाही. २०२१च्या नोव्हेंबरमध्ये जिनिव्हाला फिलिप्सच्या लिलावात १९५७चे एक ओमेगा स्पीडमास्टर निघाले. अंदाज होता ८० हजार ते १ लाख २० हजार स्विस फ्रँकचा; ते गेले ३१ लाखांवर! घेणारे दुसरे कुणी नव्हते, खुद्द ओमेगाचे संग्रहालय होते. २०२३ साली उघड झाले की ते घड्याळ निरनिराळ्या सुट्या भागांतून जुळवलेले होते, आणि या प्रकरणात आपल्याच तीन माजी कर्मचाऱ्यांचा हात असल्याचे कंपनीने सांगितले. ज्यांनी घड्याळ बनवले त्यांच्याच घरात ही गत, तर चेन्नईच्या नातवाने काय करावे?

त्याने निदान अटी वाचाव्यात. लिलावातला माल बहुधा ‘जसा आहे तसा’ विकला जातो. वर्णनात ‘रिडायल’ किंवा ‘रिफिनिश्ड’ असा एखादा शब्द बारीक अक्षरांत दडलेला असतो. तो लिहिला असेल तर नंतर तक्रारीला जागा उरत नाही. शिवाय बोलीची रक्कम ही शेवटची रक्कम नसते. तिच्यावर लिलावगृहाचे ‘बायर्स प्रीमियम’ आणि कर चढतात. उत्साहाच्या भरात हात वर करण्याआधी हा हिशेब कागदावर मांडलेला बरा.

आता राहिले खणातले ‘जनता’. त्याची पिवळी डायल हाच त्याच्या खरेपणाचा दाखला आहे. ती रंगवली की संग्राहकाच्या लेखी त्यात आणि यादीतल्या केशरी घड्याळात फरक उरणार नाही. घड्याळजीकडे ते जरूर न्यावे, यंत्र साफ करून तेल घालून घ्यावे, फुटकी काच असेल तर बदलावी. पण हातात देतानाच स्पष्ट सांगावे, जमल्यास पावतीवर लिहूनच घ्यावे: डायल आणि काट्यांना हात लावायचा नाही, केसला पॉलिश करायचे नाही आणि काढलेला प्रत्येक जुना भाग पुडीत बांधून परत द्यायचा. आजोबांनी ते घड्याळ कधी, कुठे घेतले हे आजींना आठवत असेल तर तेही एका चिठ्ठीवर लिहून त्याच रुमालात ठेवावे.